गेटवरचं रजिस्टर

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात तो एकदाच आला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, पण त्याच्यामुळं मी आजही भिंतीला पाठ लावूनच बसते.

सर्व्हरचा एक पोर्ट, म्हणजे आत यायचं एक दार, मी दुसरीकडं वळवला होता. तेव्हापासून कुठल्याही कॉम्प्युटरवरून कुणी आलं तरी नोंदीत त्या कॉम्प्युटरऐवजी सर्व्हरचाच पत्ता उमटायचा. आणि सकाळपासून कुणीतरी पगाराच्या फायलींना एकामागून एक पासवर्ड लावून बघत होतं. म्हणून मी नेटवर्क दुरुस्त करणाऱ्या माणसाला बाहेरून बोलावलं.

त्यानं चप्पल दाराबाहेर काढली, बोटं शर्टाला पुसली, मगच कीबोर्डला हात लावला.

"मॅडम, गेटवरचा वॉचमन रजिस्टरात येणाऱ्याच्या जागी सोताचंच नाव लिहाय लागला, तर चोर सापडंल कसा? माणूस दुसऱ्या दारानं पाठवा, पण त्याचं नाव पुसू नका."

पोर्ट वळवताना मी लिहिलेली एक ओळ त्यानं बदलली. खरे पत्ते दिसू लागले. वाळूजचं ऑफिस, जालन्याचं गोदाम. मग पगाराच्या फायलींवर एकच पत्ता, पुन्हा पुन्हा. तो आमच्याच खोलीतला होता, आणि खोलीत आम्ही चौघं बसायचो.

त्यानं मोठ्यानं चहा मागितला. मग स्क्रीनकडं बघतच हळू म्हणाला, "मागं वळू नका. मागचं टायपिंग आत्ताच थांबलंय."