कोठीची राखणदारीण

निजामाचं राज्य गेल्यानंतरची गोष्ट. कळंबच्या बाजारात ज्वारी विकणारी एक म्हातारी स्वतःच्याच कोठीत शिरण्याआधी कडी वाजवायची. इतरांच्या दारांवर लिंबू-मिरच्या असायच्या, हिच्या दारावर धामणीची लांबलचक कात. "माझ्या एका तरी पोत्याला उंदराचा दात लागलेला दाखवा," असं ती गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायची.

एकदा मी ज्वारी घेत असताना कोठीतून धामण बाहेर आली. नव्या हमालानं काठी उगारली, तशी म्हातारी मधे उभी राहिली.

"ठेव ती काठी! तू कामाला आज आलास. ती माझ्या सासूच्या येळंपासनं हाय."

पुढच्या बाजारी गेलो, तर तो हमाल कडी वाजवून, जरा थांबून आत शिरत होता. म्हातारी त्या कातेखाली ताठ बसली होती.