अशोकभाऊंचं "ब्रेक न्हाई हां"

अशोकभाऊ, राग मानू नका, पण सुरुवातीला तुम्ही लय वाईट साहेब होतात.

आज सकाळी भाऊ गेले. बेडशात, त्यांच्या घरीच.

नवलाख उंबऱ्याजवळ आमची गाड्यांच्या वायरिंगची कंपनी. भाऊ आमच्या शिफ्टचे इन्चार्ज, मी त्यांच्या हाताखाली लाइन लीडर. आजारपणामुळे त्यांनी काम सोडलं तेव्हा एचआरने मला विचारलं, शिफ्ट तुम्ही घेता का?

मी टोलवत राहिले. शेवटी त्यांनी आजची मुदत दिली.

टोलवायचं कारण एकच. माझं तोंड. आमच्या घरी कुणालाही विचारा. शिफ्ट हातात आली की मी आधीचे अशोकभाऊ होईन, याची मला धडकी भरली होती.

आधीचे भाऊ म्हणजे काय सांगू! ते लाइनवर आले की बायका माना खाली घालायच्या. पाणी प्यायलाही कुणी उठायचं नाही.

एकदा अख्खा लॉट परत आला. वायरी उलट्या बसल्या होत्या.

आमच्या लाइनवरच्या मंदामावशीला ते आधीच दिसलं होतं, पण ती बोलली नव्हती. हे कळल्यावर भाऊ तिच्यावर सुटलेच. दिसलं तर सांगितलं का नाही म्हणून.

मावशीने हातातलं काम खाली ठेवलं.

"सांगायचं कुणाला? तुमाला? त्यापरीस लॉट परत आलेला बरा."

आम्हाला वाटलं, आता हिची काही खैर नाही. पण भाऊंचं तोंडच उतरलं. तसेच केबिनमध्ये गेले.

त्यानंतर कंपनीच्या बसमध्ये भाऊंच्या हातात पुस्तक दिसायला लागलं. मी पवनानगरला चढते, भाऊ बेडसे फाट्यावर चढायचे. पुढची सीट, पुस्तकाला पेपरचं कव्हर, ओळीखाली बोट, ओठ हलतायत. आम्ही म्हटलं, माणूस धर्माला लागला वाटतं.

एक दिवस त्यांना डुलकी लागली आणि पुस्तक खाली पडलं. मी उचललं तर कव्हर सुटलेलं. आत, हाताखालच्या माणसांशी कसं वागावं, त्याचे धडे!

मागे सगळ्या खुसखुसल्या. मीही हसले. खोटं कशाला बोलू.

मग भाऊंनी ते पुस्तक आमच्यावरच वापरायला घेतलं.

"समोरच्याचं बोलणं मधे तोडू नये" हा धडा झाला, तेव्हा भाऊ ओठ घट्ट मिटून, हात मागे बांधून समोर उभे राहायचे. मावशी म्हणायची, ह्यांची दाढ दुखतीय का काय.

पुढचा धडा होता, कौतुक चारचौघांत करावं.

आता आमच्याकडे निम्म्या बायका कॉन्ट्रॅक्टवर. काही महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे घरी बसायचं. परत बोलावलं तर आपलं नशीब. आणि ब्रेकच्या दिवशी ऑफिसात बोलावून फार गोड बोलतात. तुमचं काम छान आहे हो, पण...

पुस्तक लिहिणाऱ्याला हे कुठून माहीत असणार!

भाऊंनी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर मंदामावशीला पुढे बोलावलं. म्हणाले, मावशीसारखा सफाईदार हात अख्ख्या लाइनवर कुणाचा न्हाई.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

तिने अ‍ॅप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि डबा घेऊन गेटकडे निघाली. इकडे आमच्या डोळ्यांना पाणी. भाऊंना काही कळेना. कुणीतरी सांगितल्यावर ते अक्षरशः पळत सुटले. आम्ही त्यांच्या मागे.

"मावशी, ब्रेक न्हाई ओ! नुसतं चांगलं बोललो."

मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग आदी सांगायचं ना, चांगलं बोलतोय म्हणून!"

गेटवर सगळे हसलो. भाऊ पण. त्यांना असं हसताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसापासून भाऊ कौतुक करायच्या आधी बजावून सांगायचे, "ब्रेक न्हाई हां." मगच पुढचं.

पुस्तकं चालूच राहिली. एक संपलं की दुसरं. सगळं जमलं असं नाही, मधूनमधून आवाज चढायचाच. पण चढला की संध्याकाळी बसमध्ये मागे येऊन, सकाळी जास्त बोललो, एवढं तरी म्हणायचे. आणि हळूहळू बायका स्वतःहून जाऊन सांगायला लागल्या, भाऊ, हितं माझं चुकलंय.

गेल्या रविवारी त्यांना भेटायला गेले. ओसरीत खाटेवर पडून होते, उशाशी पुस्तक. आवाज पार बसलेला. विचारलं, एचआरला काय सांगितलंस?

मी म्हटलं, "भाऊ, माझं तोंड माहितीये ना तुम्हाला. मला भीती वाटते."

"वाटू दे की. मला कदी वाटलीच न्हाई, तितंच तर चुकलं."

मग जरा दम खाऊन म्हणाले,

"ब्रेक न्हाई हां पोरी. पण बाया चूक सांगाया आदी तुझ्याकडं येत्यात. मला त्याला लय वर्सं लागली."

मी नुसती मान हलवली.

आज दुपारी बेडशात त्रिशरण-पंचशील झालं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मंदामावशी माझ्या शेजारी उभी होती, माझा हात घट्ट धरून.

घरी येताना एचआरला मेसेज केला. शिफ्ट घेते.

उद्या इन्चार्ज म्हणून माझी पहिली शिफ्ट. लाइनवर एक नवीन मुलगी आलीये, बिचारी मान वर करत नाही. पण वायरींना टेप इतकी सुंदर गुंडाळते. उद्या तिला सगळ्यांसमोर सांगणार आहे.

आधी "ब्रेक न्हाई हां" म्हणेन, भाऊ. विसरणार नाही.

रोज बसमध्ये चढताना तुम्ही "जय भीम" म्हणायचात आणि मी "राम राम" म्हणायचे.

आज माझ्याकडून जय भीम, भाऊ. सुखाने जा.