शब्द ठेवायची जागा

शेजारच्या सुनंदाताई घरी बसून औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करतात. परवा दुपारी गेले तर त्या भाषांतराचं नवं सॉफ्टवेअर शिकत होत्या. काम देणाऱ्या नव्या कंपनीला तेच लागतं म्हणून त्यांनी ते स्वतः विकत घेतलं होतं.

मी म्हटलं, "ताई, त्यांना हवं तर त्यांनीच द्यावं की!"

"देत होते. मीच नको म्हटलं. आधीच्या कंपनीनं दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मी सहा वर्षं एकेक शब्द नोंदवून जमवले. काम संपलं, त्यांनी पासवर्ड बंद केला, आणि सगळे शब्द आतच राहिले."

एकेका शब्दासाठी या बाई दवाखान्याच्या बाकावर बसून म्हाताऱ्यांना विचारायच्या, "तुम्ही याला काय म्हणता?" शिंप्याची कात्री त्याची स्वतःची असते, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. लिहिणाऱ्यांचंही असं स्वतःचं हत्यार असावं, हे मात्र सुचलंच नव्हतं.

"मग आता?"

"आठवतील तसे पुन्हा लिहितेय. तुमच्याकडे चक्कर म्हणतात की घेरी?"

"घेरी."

त्यांनी तो शब्द सावकाश टाइप केला, सेव्ह केला. मग फाइल बंद करून पुन्हा उघडली आणि तो तिथेच आहे ना, हे पाहिलं.