शेजारच्या मशीनचा भोंगा

डायलिसिसच्या प्रत्येक नव्या नर्सला थोरल्या सिस्टर एकच गोष्ट सांगत: शेजारच्या मशीनचा भोंगा वाजला, एका नर्सने हातमोजे न बदलता तो बंद केला आणि त्याच हातांनी आपल्या रुग्णाची नळी जोडली. जंतुसंसर्गाने तो दगावला.

"कोण हो ती बया?" एकीने विचारले.

"होती एक उतावळी. तू हात धू, चौकशा नंतर."

मीही त्या नव्या नर्सपैकीच; गोष्ट रचलेली असावी, असा मला संशय होता. म्हणून मी जुनी ड्युटी-वही तपासली. रुग्ण सिस्टरांचा धाकटा भाऊ होता आणि नळी जोडणारीची सही त्यांचीच होती.

मी वही सिस्टरांपुढे ठेवली, तशी त्यांनी ती मिटली.

"त्याचे कान किटले होते," त्या म्हणाल्या. "'ताई, तो भोंगा बंद कर गं,' म्हणाला. केला."