कितीताई आणि फिनेलची बाटली

त्या इस्पितळात चार मजले होते, लिफ्ट दोन (त्यातली एक कायम बंद) आणि पेशंट तीनशेच्या आसपास. एवढ्या माणसांत एकच बाई अशी होती, जिचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुठेच उरलं नव्हतं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला कितीताई म्हणायचे. गेली चोवीस वर्षं ती दुपारी बाराच्या ठोक्याला जेवणाची ढकलगाडी घेऊन तिसऱ्या मजल्यावर शिरायची, प्रत्येक खाटेशी थांबायची, पळी वर धरायची आणि विचारायची, "किती?"

बस, एवढंच. "बरं वाटतंय का?" नाही, "जेवणार ना?" नाही. किती! पेशंट बोटं दाखवायचा, मान हलवायचा. एखादा म्हातारा रुसून भिंतीकडे तोंड करायचा. त्याला ती अर्धी पळी वाढून पुढे जायची आणि परतताना पुन्हा थांबायची. "आता किती?" म्हातारा हमखास आणखी अर्धी घ्यायचा. आधी थोडं, मग लागेल तितक्यांदा, हा तिचा कायदा. तो कुठल्या कागदावर नव्हता, पण तिच्या मजल्यावरून उष्टं कधी एका बादलीच्या वर गेलं नाही. पातेल्यात जे स्वच्छ उरायचं, ते झाकून मागच्या दाराशी जायचं. तिथे पेशंटांचे नातेवाईक बसलेले असायचे, लांबून आलेले, खिसा रिकामा झालेले. त्यांनाही ती तोच प्रश्न विचारायची.

भूक म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. ती आठ वर्षांची असताना बापाची गिरणी बंद पडली. त्या हिवाळ्यात आई मीठ घातलेलं गरम पाणी वाटीत ओतायची आणि म्हणायची, "आज सूप जरा पातळ झालंय गं." दोन्ही पोरं निमूट प्यायची. आणि गंमत बघा, चाळिशीत त्याच बाईच्या रक्तात साखर निघाली! डॉक्टर म्हणाले, आता मोजून खा. तेव्हापासून ती स्वतःच्या ताटाशीही विचारायची, किती? उपाशी राहिलेल्याला आणि जास्त झालेल्याला एकच प्रश्न लागू पडतो, हे तिला दोन्ही बाजूंनी कळलेलं होतं.

तर अशा या बाईच्या स्वयंपाकघरात एक दिवस नवे साहेब आले. वय पस्तिशीचं, बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. आधी कुठल्याशा हॉटेलात होते म्हणे. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर हातभर मोठा फोटो चिकटवला. फोटोत एक ताट. ताटात तळलेली कोंबडीची तंगडी, पांढरा पाव, वर लोण्याचा गोळा, गोड रसाचं डबडं आणि मलईची वाटी.

"आजपासून प्रत्येक ताट या फोटोसारखं दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले. "इथेच भरायचं, झाकण लावायचं, वर पाठवायचं. वॉर्डात पळीबिळी काही नको. पेशंट हा आपला पाहुणा आहे."

"पाहुण्याला विचारून वाढतात, साहेब," कितीताई म्हणाली. "न विचारता भरतात ती गोणी."

भाज्या चिरणारी मावशी खुदकन हसली आणि लगेच गाजरात तोंड खुपसून बसली. साहेबांनी मात्र ते ऐकून ठेवलं. त्यांचं नाव त्या संध्याकाळपर्यंत फोटोसाहेब पडलं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

मग जे सुरू झालं, ते काय सांगावं! बाजारातल्या भाजीवाल्याची गाडी बंद झाली. मसूर, वाटाणा, कोबी, सगळं गेलं. कोंबडी यायची आठशे किलोमीटरवरून, बर्फात गोठलेली, प्लास्टिकच्या तीन-तीन पिशव्यांत. "या कोंबडीने माझ्यापेक्षा जास्त जग बघितलंय," मावशी म्हणायची. साखरेच्या पेशंटला गोड रस. हृदयवाल्याला लोण्याचा गोळा. परांचीवरून पडून जबडा मोडलेला एक गवंडी होता. त्याचे दात तारेने बांधलेले. त्यालाही तंगडी! त्याने कागदावर लिहून पाठवलं, "ही कुठून घालू?"

एका बादलीच्या अकरा बादल्या झाल्या. निम्म्याहून जास्त ताटं झाकण न उघडता परत. ती बघून मागच्या दाराशी बसलेल्यांचे डोळे चमकले असणार, यात नवल काय? पण फोटोसाहेबांनी नवा हुकूम काढला. परत आलेल्या आणि उरलेल्या अन्नावर फिनेल ओतायचं, म्हणजे कोणी हात लावणार नाही. "उद्या कोणाला बाधलं तर जबाबदार कोण?" त्यांनी विचारलं.

प्रश्न खोटा नव्हता, आणि कितीताईला तो मान्यही होता. "उष्टं देऊ नका, साहेब. पण पातेल्यातलं, न वाढलेलं, तासाच्या आत, झाकून? थर्मामीटर लावून बघते हवं तर. चोवीस वर्षांत एकाचं पोट दुखलं नाही."

"नियम सगळ्याला एकच."

"फिनेल फरशीसाठी असतं," ती म्हणाली आणि बाटली जिथली तिथे ठेवून दिली. पहिला मेमो त्याच दिवशी मिळाला. दुसरा आठवड्याने. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, तिसऱ्यांदा नकार दिलात तर कामावरून काढण्यात येईल. नोकरीची दोन वर्षं उरली होती. बाटली रोज मग दुसरंच कोणीतरी रिकामी करायचं, खाली मान घालून.

तिचा धाकटा भाऊ पालिकेच्या कचरागाडीवर चालक. रविवारी तो आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ताई, हल्ली तुमच्या इस्पितळाचा माल लांबूनच ओळखू येतो बघ. फिनेलचा वास. कुत्रीसुद्धा तोंड लावत नाहीत."

"कुठे टाकता रे ते सगळं?"

"कुठे म्हणजे? डोंगरावर. डोंगरच झालाय तो आता. वरून थंड, आतून धुमसतोय. अन्न सडलं की गॅस होतो, मग आपोआप पेटतो. तिथला इंजिनिअर म्हणतो, त्या गॅसने सगळ्या जगाची हवा तापते. जगाचं मला काय कळतंय! माझ्या पोरीचा खोकला जात नाही, एवढं कळतं."

कितीताई बोटांवर मोजत बोलायला लागली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "कोंबडीने खाल्लं धान्य. गाडीने खाल्लं डिझेल. बर्फाच्या खोलीने खाल्ली वीज. पेशंटला नकोच होतं. दारातल्या बाईला हवं होतं, तिला मिळालं नाही. मग जेवलं कोण रे? तुझा डोंगर?"

"ताई, तू ओत ना गपचूप," भाऊ कळवळून म्हणाला. "दोन वर्षं काढायचीत फक्त. सगळे ओततात. तू एकटीने नाही म्हटलंस म्हणून काय उजेड पडणार आहे?"

"तुला आईचं सूप आठवतं?"

भावाने मान फिरवली. आठवत होतं त्याला. जाताना तो तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

गुरुवारी इस्पितळाच्या समितीची बैठक होती. फोटोसाहेबांना आपलं ताट वरपर्यंत मिरवायचं होतं, म्हणून त्यांनी ठरवलं की समितीच्या पाचही जणांनी त्या दिवशी पेशंटांचंच जेवण जेवायचं. वाढायला कोणी पुढे येईना, सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. शेवटी कितीताई म्हणाली, "मी जाते." फोटोसाहेबांना वाटलं, बाई आली ताळ्यावर. मावशीला तसं वाटलं नाही. तिने पाहिलं होतं की कितीताईने ढकलगाडीच्या खालच्या फळीवर एक रिकामी बादली ठेवली आणि तिच्यात फिनेलची बाटली उभी केली.

चौथ्या मजल्यावर लांबलचक टेबल, पडदे, पंखा. मध्यभागी अध्यक्षबाई, सत्तरीच्या, एकेकाळच्या नावाजलेल्या सर्जन. कितीताईने पाच जणांसमोर पाच ताटं ठेवली, अगदी फोटोतल्यासारखी. आयुष्यात पहिल्यांदा ती ताट ठेवताना काही बोलली नाही, आणि ते तिला फार जड गेलं. फोटोसाहेब हात चोळत एकेकाला सांगत होते की इस्पितळाचा दर्जा कसा उंचावलाय.

मंडळी जेवली. म्हणजे, चिवडलं. एकाने तंगडीचा तुकडा तोडला आणि बाकीची बाजूला सारली. एक पोट सुटलेले गृहस्थ पावाचा कोपरा खाऊन घड्याळ बघत बसले. रसाची पाचपैकी चार डबडी फोडलीसुद्धा नव्हती. अध्यक्षबाईंनी निम्मं ताट पुढे ढकललं. "घेऊन जा आता," फोटोसाहेब म्हणाले.

कितीताईने बादली टेबलाच्या मधोमध ठेवली. बाटली तिच्याशेजारी.

"हे काय चाललंय?" फोटोसाहेबांचा आवाज चढला.

"नियम चाललाय," ती म्हणाली. "उरलेलं बादलीत टाकायचं आणि वर फिनेल ओतायचं, म्हणजे कोणी भुकेला हात लावणार नाही. खाली रोज अकरा बादल्या ओततात. माझा हात होत नाही. दोनदा नाही म्हटलंय, हे तिसऱ्यांदा. नोकरी जाणार, ठाऊक आहे मला. जाऊ दे गेली तर! पण ज्यांनी नियम केला, त्यांनी एकदा तरी स्वतःच्या हाताने ओतावं. मला बघायचंय, कसं जमतं ते."

टेबलापलीकडच्या खिडकीतून खालचं मागचं दार दिसत होतं. तिथे पायरीवर गवंड्याची बायको कोरड्या पावाचे दोन भाग करत बसली होती, एक आत्ताचा, एक रात्रीचा. अध्यक्षबाईंची नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली.

फोटोसाहेब तरातरा आले. "त्यात काय एवढं!" त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं. भपकन वास सुटला. त्यांनी पहिलं ताट म्हणून नेमकं अध्यक्षबाईंचं उचललं.

"थांबा. ते माझं ताट आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी ते परत आपल्यापुढे ओढलं, चमचा उचलला आणि खायला सुरुवात केली. गार झालेला पाव, गोठलेलं लोणी, सगळं.

आता बाकीचे काय करणार? एकाने ताट ओढलं, दुसऱ्याने ओढलं. घास फिरत होते तोंडात, पण अध्यक्षबाई खात होत्या, म्हणून खात होते. कितीताई हात बांधून उभी. "सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "माझी ड्यूटी चारपर्यंत आहे."

पोट सुटलेल्या गृहस्थांना मात्र घाम फुटला. लोण्याच्या गोळ्याकडे बघून ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "अहो, मला कोलेस्टेरॉल आहे. डॉक्टरांनी हे बंद केलंय. मला आधी कोणी विचारलं असतं तर..."

आणि ते थांबले. सगळेच थांबले.

"खाऊ नका तुम्ही, दादा," कितीताई एकदम मऊ आवाजात म्हणाली. "राहू द्या. तिसऱ्या मजल्यावरचे चौदा जण रोज हेच म्हणतात."

अध्यक्षबाईंनी चमचा खाली ठेवला. "तू का विचारलं नाहीस? मी ऐकलंय, तू सगळ्यांना विचारतेस म्हणून."

"फोटोत प्रश्न नाहीये, बाई."

पुढच्या सोमवारी भिंतीवरून फोटो उतरला. पळी परत आली, मसूर परत आला, भाजीवाल्याची गाडी दारात लागली. कोंबडी आठवड्यातून दोनदा, तीही मागेल त्याला. न वाढलेलं अन्न तासाच्या आत, थर्मामीटर लावून, मागच्या दाराशी. कितीताई जिंकली म्हणा हवं तर. पण कचेरीला आपलं नाक वर ठेवायचंच असतं. समितीपुढे बादली ठेवली, तो उद्धटपणा झाला. नोकरी टिकवायची असेल तर बुधवारी साडेअकरापर्यंत लेखी माफी द्या, असा कागद आला. भावाने फोन करून सांगितलं, "दोन ओळी लिहून टाक ताई, पाया पडतो. जिंकलीस ना, आता हट्ट कशाला?" मावशीने तर पेन आणून दिलं.

तिने पेन घेतलं. बुधवारी अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी एप्रनला हात पुसत ती कचेरीत गेली आणि कागद कारकुनापुढे ठेवला. खाली पूर्ण सही होती, नाव, बापाचं नाव, आडनावासकट. कारकून चक्रावला. "ही कोण?"

"मी."

त्याने मग वरचा मजकूर वाचला. दोनच ओळी होत्या. "मी माफी मागणार नाही. फिनेल फरशीसाठी असतं."

"अहो कितीताई, हे असं फाइलला लावू? नोकरी जाईल तुमची!" तो बिचारा खरंच घाबरला होता.

"लाव की. बारा वाजत आले, माझी माणसं थांबलीत," ती दारातून म्हणाली. मग मागे वळून तिने एप्रनच्या खिशातली बाटली काढून त्याच्या टेबलावर ठेवली. "आणि ही घे. जिन्यात कोणीतरी चहा सांडलाय, तेवढा पुसून घ्यायला सांग."