गोचिडी, कुरव आणि पेढे

आमच्या लॅबचे किस्से मी मुद्दाम साठवले नाहीत. रिकाम्या बरण्या टाकवत नाहीत म्हणून माळ्यावर जमत जातात ना, तसे जमले. बिल्डिंगमधल्या बायकांना सांगायला लागले की त्या आधी पोट धरून हसतात. मग हळूच आपापली मुलं माझ्यापासून लांब सरकवतात.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. मायक्रोबायॉलॉजीत एमेस्सी केलेली, डोंबिवलीत संसार असलेली, एका लहान मुलीची आई नोकरी काय करते? तर पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचते! थंडीत खाडीवर कुरव येतात, तुमचे ते सीगल. त्यांच्या अंगावर गोचिडी असू शकतात, आणि गोचिडींच्या पोटात माणसाला ताप आणणारे जंतू असू शकतात. आमचा अख्खा प्रोजेक्ट या दोन 'असू शकतात'वर उभा होता.

* * *

लॅब म्हणजे ठाण्यातल्या एका कॉलेजच्या जिन्यामागच्या दोन खोल्या. त्यात आठल्ये सर, शुभा आणि मी. जिवंत गोचिडीचा पाय टोकाला कापायचा, जो थेंब येईल तो स्लाइडवर घ्यायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. हिरव्यावर लाल ठिपके दिसले की पॉझिटिव्ह.

सरांचा नियम होता: ज्याला पहिलं पॉझिटिव्ह मिळेल त्याने पेढे आणायचे. दोन हिवाळे गेले, लॅबने पेढा पाहिला नाही.

मग एक दिवस शुभा बॉक्स घेऊन आली. सर खुर्चीतून उडालेच. "कुठली स्लाइड?"

"स्लाइड नाही सर. माझं लग्न ठरलं."

"हात्तिच्या!" म्हणून सर खाली बसले. पेढा शेवटपर्यंत घेतला नाही. नियम म्हणजे नियम!

* * *

पक्षी धरून द्यायला कोपरच्या खाडीवर हिरामणदादा होता. जातीचा कोळी. जाळ्यात कुरव आला की त्याचे पंख तो असे धरायचा, की चोच आपोआप माझ्या बोटाकडे वळायची. वर म्हणायचा, "बाय, हलू नको. तो तुला वळखतो आता!"

एकदा तो तोंड पाडून बसलेला. सरांनी विचारलं तर म्हणाला, "घरवालीला ताप हाय, सायेब. उतरतच नाय."

सरांचे डोळे चमकले. "ताप? अंगावर पुरळ? ती पक्ष्यांना हात लावते?"

"नाय ओ. ती बाजारान कोलंबी इकते."

"अच्छा," सर म्हणाले आणि जाळ्याकडे वळले. "मग डॉक्टरला दाखव."

मी आणि शुभा परत येताना खूप हसलो. तेव्हा हसू आलं खरं.

* * *

आता हळदीकुंकवाचा किस्सा. हा बिल्डिंगमध्ये माझ्याआधीच पोचलेला आहे.

कॅमेऱ्याच्या रोलची ती काळी प्लॅस्टिकची डबी आठवते? घट्ट झाकणाची? तेव्हा आम्हा सगळ्यांच्या घरी त्यात काही ना काही असायचं. कुंकू, वेलची, सेफ्टी पिना. लॅबमध्ये आम्ही त्यातच गोचिडी ठेवायचो. डब्या फुकट मिळायच्या आणि झाकण पक्कं.

संक्रांतीच्या सुमारास खाडीवरून निघायला उशीर झाला. सर म्हणाले, "लॅब बंद झाली असेल. डबी घरी न्या, परवा आणा. काही होत नाही!" मी नेली. पर्समध्ये, अगदी तळाशी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली होती, कारण घरी हळदीकुंकू. बायका बसलेल्या, माझी मनू सगळ्यांच्या मधून रांगोळी विस्कटत फिरतेय. सासूबाईंची वेलचीची डबी सापडेना. सुनेच्या पर्समध्ये दिसली, त्यांनी उघडली आणि शेजारच्या जोशीकाकूंच्या तळहातावर ओतली.

जोशीकाकू बघत राहिल्या. म्हणाल्या, "अहो, ही वेलची चालतेय!"

मग जे झालं ते झालं. वाणाच्या वाट्या एकीकडे, बायका दुसरीकडे. मी गुडघ्यावर बसून, नेसलेली काठपदराची साडी खोचून गोचिडी वेचत होते. डबीत चार होत्या. सापडल्या तीन.

रात्री सासूबाई एवढंच म्हणाल्या, "शिकलेली सून आणली हो आम्ही."

मी गाद्या झटकत होते.

* * *

त्यानंतर मी मनूला रोज तपासायला लागले. कानामागे, काखेत, केसांत. तिला तो खेळ वाटायचा. "आई, सापडली?" असं रोज आशेने विचारायची.

आणि थोड्याच दिवसांत ती तापली.

आमचे डॉक्टर भले गृहस्थ. मी त्यांना सगळं नीट, क्रमाने सांगितलं.

"गोचीड? कुत्रा पाळलाय का?"

"नाही. पक्ष्यावरची."

"मग पक्षी पाळलाय?"

"नाही. हळदीकुंकू होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मनूला सोडून माझी नाडी बघितली! "वहिनी, झोप लागते का हल्ली? मुलांना ताप येतोच. एवढा विचार करू नका."

बाहेर आल्यावर मला क्षणभर वाटलं, यांचंच खरं असेल. विचार करणं हाच माझा आजार असेल. पण मनूचं कपाळ माझ्या गळ्याला टेकलेलं होतं, आणि ते भाजत होतं.

* * *

शेवटी ओळखीच्या नर्सकडून मनूचं रक्त काढून घेतलं आणि लॅबमध्ये नेलं. दुसरं कोण ऐकणार होतं माझं?

सरांनी ऐकलं. अगदी पुढे झुकून ऐकलं. दोन हिवाळ्यांत माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं.

"ताप कितीवर जातो? एकशेचार? व्वा! म्हणजे... अरेरे. अँटिबायोटिक सुरू नाही ना केलंत?"

"अजून नाही, सर."

"उत्तम! दोन दिवस थांबा. अजून एक सँपल घेऊ, चित्र स्वच्छ मिळेल." मग थोडं थांबून, माझ्या पाठीवर थोपटत, "तुमच्याच घरात! लोकांना आयुष्यभर अशी केस मिळत नाही हो."

मी मान डोलावली. सरांना 'नाही' म्हणायची मला सवय नव्हती. खाली उतरले, रिक्षा केली आणि थेट दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. औषध त्याच दुपारी सुरू केलं.

सरांनी त्या संध्याकाळी टेस्ट स्वतः लावली. शुभा सांगते, ते शीळ घालत होते.

* * *

दोन दिवसांनी सकाळी शुभाचा जोशीकाकूंकडे फोन आला. रिझल्ट तिने वाचला होता, सर अजून यायचे होते. इकडे मनूचा ताप पहाटेच उतरलेला. उठल्याउठल्या तिने वरणभात मागितला होता.

मी स्टेशनजवळच्या दुकानातून पेढे घेतले. लॅबमध्ये पोचले तेव्हा सर नुकतेच टेकले होते. त्यांनी माझ्या हातातला बॉक्स पाहिला आणि उभे राहिले.

"आलं?"

मी बॉक्स पुढे केला. माझ्या डोळ्यांत पाणी. सरांनी पेढा उचलला. त्यांचेही डोळे भरलेले, खोटं नाही सांगत.

"निगेटिव्ह, सर," मी म्हटलं. "पूर्ण निगेटिव्ह! बरी आहे मनू."

सरांचा हात तोंडापाशी थांबला. त्यांनी पेढा होता तिथे, त्याच खळग्यात, परत ठेवला. बॉक्सचं झाकण हलकेच लावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "ती चौथी अजून घरातच आहे ना?"