स्वच्छ गवताची चूक

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मोतद्दार तबेल्यामागच्या कट्ट्यावर मांडलेल्या आठ डब्यांना पेल्यानं पाणी घालत होता. प्रत्येक डब्यात घेवड्याची तीन रोपं, डब्यावर खडूनं आकडा. एक ते चारमध्ये निम्मी माती आणि निम्मं लिदीचं खत, पाच ते आठमध्ये नुसती माती. आज एकविसावा दिवस. साडेसहाला मेहुणी पाहायला येणार होती. तिनं खत न्यायला नाही म्हटलं, तर तबेल्याचा मालक खताचा अख्खा ढीग कचरा डेपोवर पाठवणार होता.

मोतद्दाराला चोवीस वर्षं सगळे घोड्यांचा माणूस समजतात. त्याचा जीव मात्र त्या ढिगात. लीद आणि पेंढ्याचे थर लावायचे, ते उलथायचे, वर ताडपत्री घालायची. वर्षभरानं वास जातो आणि खत हातात चहाच्या चोथ्यासारखं मोकळं होतं.

मेहुणी रुग्णालयाच्या भाजीबागेत माळीण आहे. अकरा वर्षं खत इथूनच न्यायची. गेल्या वर्षी तिचे चार वाफे बिघडले. शेंडे पिळवटले, पानं मुठीसारखी मिटली, शेंग म्हणून धरली नाही. स्वयंपाकघराच्या प्रमुखानं तिला चारचौघांत झापलं. मोतद्दारानं कच्चं खत दिलं, असं जो तो म्हणू लागला. मेहुणी तसं म्हणाली नाही, पण खत नेणं तिनं बंद केलं, आणि त्याला तेच जास्त लागलं.

खत कच्चं नव्हतं, यावर तो पैज लावायला तयार होता. मग घोडं पेंड कुठे खात होतं, ते बियाणांच्या दुकानदारानं सांगितलं.

"गवत कसलं घातलंत घोड्यांना?"

"एक नंबर! भारा उलटापालटा करा, तणाची काडी सापडणार नाही."

"मग तिथंच मेख आहे. तणनाशक मारलेलं असणार."

ते औषध गवताला काही करत नाही, घोड्यालाही नाही. घोड्याच्या पोटातून तसंच बाहेर पडतं, खतात टिकून राहतं आणि घेवडा-टोमॅटोच्या मुळावर येतं. तो भारा मोतद्दारानं स्वतः निवडला होता, स्वच्छ दिसला म्हणून.

त्यानं गवतवाला बदलला. जुना ढीग मैदानाच्या हिरवळीला घातला. नव्या गवताची लीद वर्षभर मुरवली आणि मग डब्यांत बी टोचलं. बायको म्हणाली, "घरात कधी कपबशी विसळली नाहीत, आणि डब्यांना पाणी पाजायला पहाटे उठताय!"

मेहुणी वेळेवर आली. पिशवी खाली न ठेवताच ती डबे पाहू लागली. एक, दोन ठीक. तिसऱ्याशी थांबली. त्यातल्या एका रोपाचं खालचं पान आक्रसलं होतं.

मोतद्दारानं ते परवाच पाहिलं होतं. पान खुडून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

"भावजी, हे काय?"

"दिसतंय ते. मी हात लावलेला नाही."

तिनं पान उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. खालच्या बाजूला बारीक हिरवे किडे चिकटले होते. मग शेंडा बोटांत धरून पाहिला. कोवळं पान तळहातासारखं सपाट होतं.

"मावा आहे हा. औषधाचा दोष असता तर आधी शेंडा गेला असता," ती म्हणाली. "मावासुद्धा दिसला नाही तुम्हाला? चष्मा काय घोड्याला घातलात?"

"घोड्याला गरज नाही. तो गवत हुंगून खातो, मी नुसतं बघून घेतलं."

ती हसली, पण तिनं लगेच हसू आवरलं. आठही डबे पुन्हा एकदा पाहिले.

"एक वाफा," ती म्हणाली. "फक्त एक. तो बघीन, मग पुढचं."

"चारही—"

"भावजी, एक. ताईची शपथ घालू नका, चालणार नाही."

"बरं बाई, एक. मालकाला काय सांगू?"

"सांगा, रुग्णालयाची माळीण खत नेतेय. ढिगाला हात लावायचा नाही."

दहा फुटांच्या वाफ्याला सहा घमेली पुरतात. उद्या सकाळी पावणेसातला हातगाडी रुग्णालयाच्या मागच्या फाटकातून आत जाईल. फाटक उघडायचं काम मेहुणीचं, गाडी ढकलायचं मोतद्दाराचं.